एकाचा गळा चमकला, मग बाकीच्या भावंडांचं काय? चार गाणाऱ्या घरांची तुलना

सोलापुरात गाणारं मूल घरात एकटं क्वचित असतं. थोरली पेटीवर बसते, मधला ढोलकी आणि ऑक्टोपॅड सांभाळतो, धाकट्याचा गळा गोड. गणपतीत मंडळाच्या स्टेजवर तिघंही उभी राहतात. मग कधीतरी हुतात्मा स्मृती मंदिरातल्या स्पर्धेत धाकट्याला पहिलं बक्षीस मिळतं, व्हिडिओ पाहुण्यारावळ्यांच्या ग्रुपवर फिरतो आणि लग्नाच्या, वाढदिवसाच्या सुपाऱ्या यायला लागतात. फोनवरचा माणूस विचारतो, "तो बारका गाणारा येणार ना?" थोरली आणि मधला शेजारीच बसून ते ऐकत असतात.

मी इथल्या ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवतो, मुलांना शिकवतोही. पालक माझ्याकडे येतात ते त्या एका गळ्याचे प्रश्न घेऊन: कुठला क्लास लावू, ऑडिशनला पुण्याला नेऊ का, करावके ट्रॅक (गायकाचा आवाज सोडून तयार असलेलं संगीत) कुठून घेऊ. बाकीच्या दोघांचं काय करायचं हे कुणी विचारत नाही. मला तो निर्णय आधीचा वाटतो. गळ्याला गुरू मिळतो, रियाजाने तो सुधारतो. भावंडांत हिशेबावरून एकदा तेढ आली की ती दिवाळीला एका पंगतीत जेवूनही जात नाही.

म्हणून जगभर गाजलेल्या चार घरांची मांडणी इथे शेजारी-शेजारी ठेवतो: जॅक्सन, किंतानिया, नोल्स आणि ओकॉनेल. त्यांच्याएवढा पैसा आणि गाजावाजा आपल्या वाट्याला येणार नाही. पण भावंडांना कुठे उभं केलं, ग्रुपचं नाव कुणाच्या मालकीचं होतं, पैसा कुणाच्या हातात होता, हे प्रश्न दोन हजारांच्या सुपारीलाही तसेच्या तसे लागू होतात.

सगळे एकाच स्टेजवर: जॅक्सन

मायकल जॅक्सनच्या नावाने आपल्या शाळांच्या गॅदरिंगमध्ये आजही मुलं मागे सरकत नाचतात. १ नोव्हेंबर १९९६ ला तो मुंबईत अंधेरीच्या क्रीडा संकुलात येऊन गेला, तेव्हाची चर्चा आमच्या पिढीला पाठ आहे. त्याच्या भावंडांची नावं मात्र फार थोड्यांना सांगता येतील.

जॅक्सनांचं गाव गॅरी, अमेरिकेच्या इंडियाना राज्यातलं पोलाद कारखान्यांचं शहर. वडील जो जॅक्सन कारखान्यात क्रेन चालवायचे, आई कॅथरीन घर सांभाळायची. दोन बेडरूमच्या घरात नऊ मुलं वाढली: रेबी, जॅकी, टिटो, जर्मेन, ला टोया, मार्लन, मायकल, रँडी आणि जॅनेट. मार्लनचा जुळा भाऊ जन्मल्यावर लगेचच गेला. वडिलांची एक गिटार होती आणि तिला हात लावायची मुलांना बंदी होती. टिटो ती चोरून वाजवायचा. एक दिवस तार तुटली आणि चोरी उघडी पडली. वडील भडकले, मग त्यांनी त्यालाच वाजवून दाखवायला सांगितलं आणि ऐकून त्यांच्या लक्षात आलं की पोरात काहीतरी आहे. या घराच्या गाण्याची सुरुवात अशी मधल्या मुलापासून झाली. मायकल तेव्हा अगदी लहान होता.

पुढे जॅकी, टिटो, जर्मेन, मार्लन आणि मायकल हे पाच जण 'जॅक्सन फाइव्ह' झाले. मोटाऊन या रेकॉर्ड कंपनीसाठी काढलेली त्यांची पहिली चारही सिंगल्स (एकेका गाण्याच्या तबकड्या) १९७० मध्ये अमेरिकेच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेली. बाहेरून बघणाऱ्याला वाटावं, भावंडांनी एकत्र राहून काय मिळवता येतं त्याचा हा नमुना.

आता आतून बघू. स्टेजवर टिटो गिटार वाजवायचा आणि जर्मेन बास. मोटाऊनच्या रेकॉर्डिंगमध्ये मात्र वाद्यं स्टुडिओतले कसलेले वादक वाजवत. म्हणजे ज्या टिटोपासून सुरुवात झाली, त्याच्या हातातलं वाद्य रेकॉर्डवर नव्हतंच. आपल्याकडे हे काम करावके ट्रॅक करतो. धाकट्याला पेन ड्राइव्ह आणि माइक पुरेसा होतो आणि ऑक्टोपॅडवाल्या मधल्याचं काम पहिल्यांदा जातं. आईबाप म्हणतात, "तू बरोबर चल, केबल-बिबल बघायला." त्या वाक्याने पोराच्या मनात काय होतं, ते मी रिहर्सलला बसलेल्या चेहऱ्यांवर बघितलं आहे. वाद्य वाजवणाऱ्या मुलाला केबल गुंडाळायला लावू नका. दोन गाणी तरी लाइव्ह ठेवा. ट्रॅकपेक्षा ती थोडी कच्ची होतील, होऊ द्या.

दुसरी गोष्ट नावाची. १९७३ मध्ये जर्मेनने मोटाऊनचे मालक बेरी गॉर्डी यांच्या मुलीशी लग्न केलं. १९७५ मध्ये बाकीच्या भावांनी ती कंपनी सोडायची ठरवली, तेव्हा तो सासऱ्यांकडेच राहिला. 'जॅक्सन फाइव्ह' हे नाव कंपनीकडे राहिलं. भावांना 'द जॅक्सन्स' या नव्या नावाने उभं राहावं लागलं आणि जर्मेनच्या जागी रँडी आला. आडनाव आपलं, गळे आपले, पण बोर्डावरचं नाव दुसऱ्याचं. सोलापुरात हीच गोष्ट यूट्यूब चॅनलची होते. चॅनल कुणाच्या जीमेलवर आहे? मामाच्या, क्लासच्या सरांच्या, की व्हिडिओ काढणाऱ्याच्या? भांडण होईपर्यंत हा प्रश्न कुणाला सुचत नाही.

१९७९ आणि १९८२ च्या स्वतःच्या एकट्याच्या अल्बमनंतर मायकल भावांच्या फार पुढे निघून गेला. १९८३ च्या मोटाऊनच्या सोहळ्याची चित्रफीत मिळाली तर मुलांबरोबर बघाच. भाऊ एकत्र गातात, मिठ्या मारतात आणि स्टेजवरून बाजूला होतात. मायकल एकटा उरतो आणि त्याच काही मिनिटांत जग त्याचा मूनवॉक, म्हणजे तो मागे सरकायचा नाच, पहिल्यांदा बघतं. त्या रात्री भावांनी काही गमावलं असं मी म्हणणार नाही, पण त्यानंतर त्यांच्याकडे कुणी 'मायकलचे भाऊ' याखेरीज बघितलं नाही. १९८४ चा दौरा भावांनी मिळून केला. आपल्या वाट्याची कमाई मायकलने दान केली आणि भावांबरोबरचा तो त्याचा शेवटचा दौरा ठरला.

या घराची काळी बाजू सगळ्यांना ठाऊक आहे. वडिलांच्या माराबद्दल मायकल १९९३ मध्ये ऑप्रा विन्फ्रीच्या मुलाखतीत स्वतः बोलला. "शिस्तीशिवाय कलाकार घडत नाही" असं म्हणत रियाजाला पट्टी घेऊन बसणारे बाप आपल्याकडेही आहेत. त्यांना मी स्पष्ट सांगतो, मारातून ताल येत नाही.

सगळं घर कामाला: किंतानिया

टेक्ससमधल्या गायिका सेलेना किंतानियाचं घर मला सोलापूरच्या सगळ्यात जवळचं वाटतं. वडील अब्राहम तरुणपणी स्वतः गायचे. पुढे त्यांनी हॉटेल काढलं आणि लहान सेलेना तिथेच गायला लागली. मंदीत हॉटेल बुडालं आणि गाणं हाच घराचा धंदा झाला. सेलेना गायची, थोरला भाऊ ए. बी. बास वाजवायचा, बहीण सुझेट ड्रमवर. जुन्या बसमधून सगळं कुटुंब लग्नं, जत्रा, मेळे करत फिरायचं.

जॅक्सनांशी तुलना केली तर इथली मांडणी भावंडांसाठी जास्त न्यायाची आहे. ए. बी. फक्त वाजवत नव्हता. सेलेनाची कितीतरी गाजलेली गाणी त्याने रचली आणि तोच त्यांचा निर्माता होता. सुझेटचे ड्रम खरोखर तीच वाजवत होती. शोभेला कुणी उभं नव्हतं.

पण अशा घराचा धोका सोलापूरच्या पूर्व भागातल्या कुठल्याही यंत्रमागवाल्या घराला सांगावा लागत नाही. एक जण माग चालवतो, दुसरा कांड्या भरतो, तिसरा घड्या घालतो आणि माग बंद पडला की सगळ्यांचेच हात एकदम थांबतात. १९९२ मध्ये सेलेनाने बँडमधल्याच गिटारवादकाशी लग्न केलं तेही वडिलांचा विरोध म्हणून चोरून. घर आणि धंदा एकच असला की लग्नसुद्धा धंद्याची बाब होऊन बसते. पुढे फॅन क्लब आणि तिची कपड्यांची दुकानं बघणाऱ्या बाईने पैशांची अफरातफर केल्याचं घरच्यांच्या लक्षात आलं. ३१ मार्च १९९५ ला त्या बाईने सेलेनाला गोळी घातली. ती २३ वर्षांची होती. एका दिवसात भावाचं, बहिणीचं, वडिलांचं काम थांबलं. ए. बी. ने नंतर 'कुंबिया किंग्ज' हा स्वतःचा ग्रुप उभा केला, कारण त्याच्या हातात रचना करण्याची कला होती. सुझेटने बहिणीचं संग्रहालय आणि वारसा सांभाळला.

हे वाचून घाबरायचं कारण नाही. पण घरातल्या प्रत्येकाला गायकाशिवायही चालेल असं एक तरी काम यायला हवं, एवढं यातून घ्या.

दोघींच्या दोन वाटा: नोल्स

ह्यूस्टनमधलं गायिका बियॉन्सेचं घर. आई टीना सलून चालवायची आणि बियॉन्सेच्या मुलींच्या ग्रुपचे स्टेजवरचे कपडे तीच शिवून द्यायची. वडील मॅथ्यू झेरॉक्समधली नोकरी सोडून पूर्ण वेळ मॅनेजर झाले. सोलांज पाच वर्षांनी धाकटी. ती काही काळ बहिणीच्या ग्रुपमागे नाचली, मग तिने स्वतःची गाणी लिहायला घेतली, तीही बहिणीच्या पठडीतली नव्हेत. २०१६ मध्ये बियॉन्सेचा आणि सोलांजचा, असे दोघींचे वेगवेगळे अल्बम अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेले. तोवर सोलांज तिशीला पोचली होती.

हे मी मुद्दाम सांगतो आहे. या मांडणीला वेळ लागतो. धाकटीला "ताईसारखं गा" म्हणणारे पाहुणे घरोघरी असतात आणि त्यांच्यासमोर तिची बाजू आईबापांनीच घ्यायची असते. जॅनेट जॅक्सनचंही असंच. वडिलांच्या देखरेखीखालचे तिचे पहिले दोन अल्बम फारसे चालले नाहीत. १९८६ चा तिसरा तिने वडिलांपासून वेगळी होऊन, स्वतः निवडलेल्या निर्मात्यांबरोबर केला आणि तिथून ती 'मायकलची बहीण' राहिली नाही.

नोल्सांच्या घरातली आणखी एक गोष्ट मला पटते. २०११ मध्ये बियॉन्सेने वडिलांना मॅनेजरच्या कामातून मोकळं केलं आणि ते जाहीरपणे, नीट शब्दांत सांगितलं. मुलगा किंवा मुलगी पंचविशीला आली की बापाने मॅनेजरकी सोडावी, असं मला तरी वाटतं.

आपल्याकडे लोक लगेच मंगेशकरांचा दाखला देतात. १९४२ मध्ये दीनानाथ गेले तेव्हा लतादीदी १२ वर्षांच्या होत्या आणि घर त्यांनी ओढलं. मीनाताई, आशाताई, उषाताई गायल्या, हृदयनाथ संगीतकार झाले. एवढ्या भावंडांना स्वतःची जागा मिळाली हे अद्भुत आहे. पण तिथेही आशाताई कोवळ्या वयात लग्न करून घराबाहेर पडल्या आणि आपली वाट स्वतः काढली. प्रल्हाद शिंद्यांच्या घरात आनंद आणि मिलिंद हे दोघे भाऊ गायले, नातू आदर्शही गातो. प्रत्येकाला श्रोते मिळाले, कारण प्रत्येकाच्या आवाजाला स्वतःची ओळख होती.

एक पुढे, एक मागे: ओकॉनेल

गायिका बिली आयलिश आणि तिचा भाऊ फिनियस ओकॉनेल. लॉस एंजेलिसमधलं साधं घर, आईवडील दोघेही अभिनयातले, मुलं शाळेत न जाता घरीच शिकलेली. फिनियस चार वर्षांनी मोठा. 'ओशन आइज' हे गाणं त्याने खरं तर स्वतःच्या बँडसाठी लिहिलं होतं. २०१५ मध्ये ते त्याने बहिणीकडून गाऊन घेतलं आणि नेटवर टाकलं. बिली तेव्हा १३ वर्षांची होती, गाणं पसरलं. पहिला अल्बम दोघांनी त्याच घरात, बहुतेक फिनियसच्या बेडरूममध्ये केला. २०२० च्या ग्रॅमीत, म्हणजे अमेरिकेतल्या संगीताच्या मोठ्या पारितोषिकांत, बिलीला चारही मोठी पारितोषिकं मिळाली आणि त्याच रात्री फिनियसला वर्षाचा सर्वोत्तम निर्माता म्हणून वेगळं पारितोषिक मिळालं. पुढे चित्रपटगीतांसाठी दोन ऑस्कर दोघांनी जोडीने घेतले. त्याने स्वतःच्या नावाने अल्बमही काढले.

चारही घरांत मला ही मांडणी सगळ्यात जास्त पटते आणि आपल्या ऐपतीतही तीच बसते. एक लॅपटॉप, माइक लॅपटॉपला जोडणारा एक ऑडिओ इंटरफेस, बरा माइक आणि हेडफोन एवढ्यावर घरच्या खोलीत गाणं होतं. खिडकीबाहेर माग धडधडत असले तर रात्री रेकॉर्ड करायचं, भिंतीला चादरी लावायच्या. त्या आपल्या गावात कमी नाहीत. ऑक्टोपॅड वाजवणारा मधला मुलगा प्रोग्रामिंग पटकन शिकतो. तालाचं अंग त्याच्याकडे असतंच.

मात्र यात एक अट आहे आणि ती पाळली नाही तर ही मांडणी चारही घरांत सगळ्यात अन्यायाची ठरेल. मागे असणाऱ्याचं नाव लिहिलं गेलं पाहिजे. फिनियसला बक्षीस मिळालं कारण गाण्यावर गीतकार, संगीतकार, निर्माता म्हणून त्याचं नाव होतं. आपल्याकडे व्हिडिओखाली गायकाचं नाव, मंडळाचं नाव, अगदी ड्रोनवाल्याचंही नाव असतं आणि चाल लावणाऱ्या बहिणीचं नसतं. २०१२ च्या दुरुस्तीनंतर आपल्या कॉपीराइट कायद्यात गीतकार-संगीतकाराचा रॉयल्टीचा हक्क असा आहे की तो वारस किंवा कॉपीराइट सोसायटी सोडून कुणाला लिहूनसुद्धा देता येत नाही. पण रचना तुमची आहे हे कुठेतरी नोंदलेलं तर हवं.

पैसा

इथे पहिल्या तीन घरांचा धडा एकच निघतो. वडील मॅनेजर असले की मुलांचा पैसा आणि घराचा पैसा एकत्र होतो. मायकल २००९ मध्ये गेला तेव्हा त्याच्या मृत्युपत्रात आई आणि मुलं होती, भावंडं नव्हती. २०१२ मध्ये त्यावरून काही भावंडांनी मृत्युपत्राच्या व्यवस्थापकांविरुद्ध पत्रच काढलं. त्याच गोंधळात टिटोचा मुलगा टीजे हा आजीबरोबर मायकलच्या मुलांचा सहपालक झाला. शेवटी हा पुतण्याच मुलांच्या कामी आला. या कहाणीतला हा भाग मला फार मोलाचा वाटतो.

कॅलिफोर्नियात बालकलाकाराच्या कमाईतले १५ टक्के त्याच्या नावे बाजूला ठेवावे लागतात. आपल्याकडचा नियम त्याहून कडक आहे, हे बहुतेक पालकांना माहीत नसतं. १४ वर्षांखालच्या मुलाला व्यावसायिक कार्यक्रमात घ्यायचं तर आयोजकाने जिल्हा दंडाधिकाऱ्यांची परवानगी घ्यायची असते. दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त काम नाही, विश्रांतीशिवाय तीन तासांपेक्षा जास्त नाही आणि कमाईतले किमान २० टक्के मुलाच्या नावे राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत. २०१७ पासून हे लागू आहे. सुपारी घेताना आयोजकाला हे विचारलं तर तो चमकतो. चमकू दे.

भावंडांचा वाटा मी असा सुचवतो: स्टेजवर जो उभा राहिला किंवा ज्याचा ट्रॅक वाजला, त्याला त्या कार्यक्रमाचं मानधन त्याच्या हातात किंवा खात्यात. गायकाला जास्त, हे ठीक. पण "घरातच तर आहे" म्हणून दुसऱ्याला शून्य, हे चालणार नाही.

मग तुमच्या घराला काय बसेल?

तिन्ही मुलं १२ च्या आतली आणि वर्षातून गणपती-नवरात्रापुरती गात असतील तर जॅक्सनांसारखं सगळ्यांना एकत्र उभं करा. आनंदाने करा, पण नाव, चॅनल, बॅनर काही पक्कं करू नका.

घर गाण्यावरच चालणार असेल, म्हणजे वडील स्वतः ऑर्केस्ट्रावाले, आईचा ब्युटी पार्लरचा जोडधंदा, अशा घरात किंतानियांची मांडणी आपोआप होते. तिथे गाणाऱ्या मुलाच्या आवाजाला फुटणीचं वय येईल तेव्हा वर्ष-दीड वर्ष काय करायचं, ते आधी ठरवा. मुलाचा आवाज १२ ते १५ या वयात कधीही बदलतो आणि त्या काळात सुपाऱ्या रेटल्या तर गळा कायमचा बिघडू शकतो.

धाकट्या बहिणीचा आवाज वेगळाच असेल, तिला थोरलीची गाणी रुचत नसतील, तर नोल्सांची वाट. दोघींना एकाच स्पर्धेत, एकाच गटात उतरवू नका. एकीला सुगम संगीत, दुसरीला लावणी, भारुड, रॅप, जे तिला रुचेल ते. पूर्व भागात तर तेलुगू आणि कन्नड गाण्यांचेही कार्यक्रम होतात. मराठी स्टेजवर थोरली आणि तेलुगू स्टेजवर धाकटी, अशी वाटणी मला छान वाटते.

वयात तीन-चार वर्षांचं अंतर, एकाला समोर यायला आवडतं आणि दुसऱ्याला हेडफोन लावून तासन्‌तास बसायला, असं असेल तर दुसरा विचार न करता ओकॉनेल. चॅनल दोघांच्या नावाने, प्रत्येक गाण्याखाली कोणी काय केलं ते लिहिलेलं. वय १८ पूर्ण नसेल तर चॅनलचे पैसे पालकांच्याच खात्यावर येतात, म्हणून त्याची वही वेगळी ठेवा आणि ती मुलांना बघू द्या.

आणि ज्या भावंडाला गायचंच नाही त्याचं काय? रेबी जॅक्सन सगळ्यात थोरली. भाऊ गाजायला लागले तेव्हा ती अठराव्या वर्षी लग्न करून बाहेर पडली होती. घरातल्या बँडपेक्षा तिला संसार हवा होता आणि वडिलांना ते पटलं नव्हतं. १९८४ मध्ये, मुलं थोडी मोठी झाल्यावर, तिने पहिला अल्बम काढला. त्यातलं गाजलेलं गाणं तिला मायकलने लिहून दिलं. आपल्या मधल्याला पॉलिटेक्निकला जायचं असेल तर जाऊ द्या, त्याच्या परीक्षेच्या आठवड्यात सुपारी घेऊ नका आणि ऑक्टोपॅड विकू नका.

तुळशीचं लग्न झालं की लग्नसराईचे फोन सुरू होतात. इसार घ्यायच्या आधी मुलांना समोर बसवून चॅनल, मानधन आणि कोण कुठे उभं राहणार, एवढं एका कागदावर लिहून काढा आणि त्यावर सही करायला थोरलीला पहिली बोलवा.